फेराबाहेर गेलेली ओळ

माझं गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रहिमतपूरच्या स्टँडवर उभी होते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर शिगोशीग ऊस, आणि ड्रायव्हरच्या मागं बांधलेल्या मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज. चहाच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या दोघा गड्यांनी माना डोलावल्या. शेवटचं कडवं आलं तसा त्यातला एकजण मांडीवर हात मारून हसला.

"लय बेस वळ घातलीया बाईनं," तो म्हणाला. "हिचा नवरा फौजेत असणार बघ. त्याबिगर सुचायचं न्हाई."

मी समोरच उभी होते, पण त्यांना ओळखू आले नाही. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. एसटीत बसले, खिडकी मिळाली, आणि मग लक्षात आलं, की तो ट्रॅक्टर ज्या रस्त्यानं कारखान्याकडं निघालाय तो रस्ता आमच्या गावातून जातो. आमच्या दारावरून जातो. माझा नवरा फौजेत नाही, टेम्पो चालवतो. फौजेत माझे थोरले दीर आहेत. ते रजेवर आलेले होते, आणि त्या वेळेला ते रोज दारातल्या ओट्यावर चहा पीत बसतात.

मी भाजी विकून वर आलेली बाई आहे. हे आधीच सांगते, कारण सत्कारात बोलायला उठलेले लोक मला 'मातीतला आवाज' म्हणतात आणि कोंब फुटावा तसा तो आपोआप वर आला असं त्यांना वाटतं. आपोआप काही आलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरात मी धाकटी सून, म्हणजे सगळ्यात शेवटी जेवणारी. आठवड्याच्या बाजाराला टोपली घेऊन मीच जायची. बाजारात गप्प बसणाऱ्याची भाजी सुकते. शेजारचे नुसते ओरडायचे, मी जुळवून ओरडायची. 'घे गं मेथीची जुडी, सासूच्या मनातली जाईल अडी.' बाया थांबायच्या, हसायच्या, घासाघीस करायच्या. घासाघिशीत मी कुणाला हार गेले नाही. एकदा एका मास्तरीणबाईशी कोथिंबिरीच्या एका काडीवरून अशी भांडले की शेवटी तिनं जुडी टाकली आणि मला म्हणाली, "तू गात जा बाई, निदान तेवढा वेळ भांडणार तरी नाहीस."

मग हळदीला बोलावू लागले, बारशाला, डोहाळजेवणाला. मी जायची, पण माझ्या अटीवर. पहिली अट, गाणं पंगतीच्या आधी. पंगत बसली की माणसं वांग्याकडं बघतात, गाणारीकडं नाही. दुसरी, माईक बघून मगच हो म्हणणार. तिसरी, जुनी गाणी मागायची नाहीत, मी माझीच म्हणणार. लोक म्हणायचे, हिला मस्ती आली. आली होती. आणायला लागते. गरिबाच्या गाण्याला लोक हात जोडतात आणि पाठ फिरवतात.

एकतारी घ्यायला मिरजेला गेले. तिथं तंतुवाद्यं करणाऱ्यांची दुकानं आहेत, बाप-आज्यापासूनचं काम. एका म्हाताऱ्या चाचांपुढं बसले. भोपळा बोटानं वाजवून बघितला, दांडीवरचा बारीकसा डाग शोधून काढला, त्यांच्या नजरेला आणून दिला.

चाचा चष्म्यावरून बघत राहिले. "भाजी इकता काय वं तुमी?"

"कसं वळखलं?"

"भोपळा वाजवून बगितलासा. गाणारी मान्सं आदी तार वाजवत्यात."

मी लाजले नाही. डागाचे पैसे कमी करूनच उठले. पण तार मात्र तेव्हाही वाजवून बघितली नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आता फेराचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्याकडं पंचमीच्या आधीपासून बाया मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत फेर धरतात. ज्यांना न्यायला माहेरचा मुराळी येतो त्या सुना निघून जातात. गावच्या लेकी माहेरपणाला येतात. मला माहेर उरलेलं नव्हतं. माझी थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणते, तिचं माहेर जतच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून, येणंजाणं अवघड. म्हणून आम्ही दोघी दरवर्षी सासरच्या फेरात. एका बाजूला लेकी, एका बाजूला उरलेल्या सुना. एका बाजूनं ओळ टाकायची, दुसऱ्या बाजूनं ती उचलायची, म्हणजे तीच ओळ परत म्हणत पाय पुढं टाकायचा. ओळ कुणी उचलली नाही तर सगळा फेर जागच्या जागी थांबतो. ज्या बाईची ओळ पडली तिनं मुकाट्यानं बाहेर व्हायचं.

आता गावच्या लेकी म्हणजे याच सुनांच्या नणंदा. एकमेकींच्या घरातलं एकमेकींच्या तोंडावर निघणार. म्हणून बायांची रीत आहे: फेरातलं फेरात. सासूला चेटकीण म्हणा, नवऱ्याला बोंबील म्हणा; फेर मोडला की बोलणं मोडलं. दुसऱ्या दिवशी नळावर त्यातला शब्द काढायचा नाही. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, कडेला मिश्री लावत बसायच्या. सुनांनी आपल्याच नावानं फोडलेले खडे ऐकून खो-खो हसायच्या. घरी आल्यावर भाकरी थापताना त्याचा उच्चार नाही. त्याच आत्याबाई एरवी दुधावरची साय कुणी खाल्ली यावरून तीन दिवस बोलायच्या.

आक्का बोलायला कमी. चिडली तर तोंडातून कानडी निघायचं आणि मग कुणालाच काही कळायचं नाही, त्यामुळं भांडण वाढायचं नाही. पण फेरात ओळ उचलावी तर तिनं. माझी ओळ ती अशी उचलायची की मलाच वाटायचं, अरे, हे आपण म्हटलं होय.

त्या पंचमीला मी फौजीच्या बायकोचं गाणं जागच्या जागी जुळवत होते. कडवी छान पडत गेली, शेवटचं मात्र सुचेना. फेर थांबायच्या बेताला आला. तेवढ्यात आक्कानं, पाय न चुकवता, ओळ टाकली.

ती ओळ मी इथं लिहिणार नाही. रजेवर घरी आलेल्या नवऱ्याबद्दल होती, एवढंच. बाई हसता हसता मध्येच थांबेल अशी होती. फेर हसून कोसळला. एक लेक तर खालीच बसली. मी आक्काचा हात दाबला आणि म्हटलं, "आक्का, ही मला दे."

"घे की," ती धापा टाकत म्हणाली. "घाल तुज्या गाण्यात."

फेर पुढं गेला.

त्याच दिवाळीच्या आसपास सांगलीला बायकांचा एक मोठा कार्यक्रम झाला. सभागृह, पडदा, चांगला माईक. मी कितव्या नंबरला गाणार यावरून आयोजकांशी आधी भांडले. मला शेवटून दुसरी ठेवली होती, बाया घरी जायच्या वेळेला. मी म्हटलं, मध्यावर ठेवा, नाहीतर ही निघाले. ठेवलं. फौजीच्या बायकोचं गाणं म्हटलं, आक्काच्या ओळीसकट. सभागृहात जे झालं ते फेरात झालं होतं तेच, पण दोनशे पट. पुढच्या रांगेतल्या साडीवाल्या बाया डोळे पुसत हसत होत्या. कुणीतरी मोबाईलवर घेतलं. आठवड्यात ते गावोगाव फिरलं.

मग पुण्याहून रेकॉर्डिंगवाल्यांचा फोन आला. मी गेले. त्यांनी ढोलकी घातली, कसलं कसलं यंत्र घातलं, मला काचेच्या खोलीत उभं केलं. गाणं बरं झालं. नावाच्या जागी ते 'पारंपरिक' लिहिणार होते. माझं डोकं फिरलं. पारंपरिक? मी जुळवलं, मी चाल लावली, आणि नाव परंपरेचं? तिथल्या तिथं आवाज चढवला. शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. शेवटी लिहिलं: शब्द, चाल आणि आवाज, माझं नाव. ज्यानं लिहिलं तो पोरगेलासा माणूस कौतुकानं म्हणाला, "ताई, ती शेवटची ओळ जबरदस्त आहे. कशी सुचली हो तुम्हाला?"

"सुचते," मी म्हटलं.

त्या एका शब्दाचं ओझं मी अजून वाहते. खोटंही धड नव्हतं ते. 'सुचली' म्हटलं नाही. बाजारात असंच बोलायचं असतं, वांगं शिळं आहे का विचारलं तर 'आज काढलंय' म्हणायचं नाही, 'आजच आणलंय' म्हणायचं.

त्यानंतर आम्ही नवरा-बायको सांगलीला राहायला आलो. त्यांना हळदीच्या पेठेत टेम्पोचं काम लागलं, आणि मला कार्यक्रम मिळू लागले. वाईला घाटावर गायले, साताऱ्यात शाल मिळाली, लोक फोटो काढायला थांबू लागले. त्याच हंगामात तो ट्रॅक्टर भेटला. दोन दिवसांनी गावाकडून कळलं, थोरले दीर रजा अर्धी टाकून परत गेले. ड्युटीवरून बोलावणं आलं, असं आत्याबाई फोनवर म्हणाल्या. मी 'बरं' म्हटलं. पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकायला लागलं असतं.

पुढच्या पंचमीला मी गावी गेले ती थाटात. नवी साडी, हातात एकतारी. बाया फेर धरून उभ्या होत्या. आक्का त्यात नव्हती. मी सुनांच्या बाजूला शिरले आणि ओळ टाकली, नवीकोरी, त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. समोरच्या लेकींनी ती उचलली नाही. कुणी शिवी दिली नाही, तोंड वाकडं केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. एकीनं पदर सारखा केला. सगळा फेर जागच्या जागी.

भरल्या सभागृहाला हसवणारी मी, त्या चाळीसेक बायांपुढं मला बाहेर व्हायला लागलं.

माझं डोकं असं पेटलं की सरळ घरी आले. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिच्यासाठी आणलेली इरकली साडी मी तिच्यापुढं ठेवली, ठेवली म्हणजे आपटलीच.

"आक्का, माझी वळ कुणी उचलली न्हाई."

"मी कुटं हुते फेरात? मला काय इचारतीस."

"तू का न्हवतीस?"

तिनं सूप बाजूला केलं. मला पाणी दिलं. मग पुन्हा शेंगा फोडायला बसली आणि माझ्याकडं न बघता बोलली. "तुजा ट्रॅक्टर गेला की गं हितनं. हे च्या पीत हुते. पयल्या कडव्याला हासले. म्हणले, आपल्या धाकटीचा आवाज हाय. मग ती वळ आली. कप खाली ठिवला. मला म्हणले, ही गोष्ट तुजी नि माजी हुती. येवडंच. दुसऱ्या दिशी बॅग भरली. स्टँडवर पोरं ती वळ म्हणून दावत्यात म्हणं त्येंना."

अडचणीत सापडले की मी भांडते. माझा तो स्वभावच आहे. "तूच म्हणलीस घाल म्हणून! मी काय चोरून न्हेली? इचारून घेतली. सगळ्या बाया साक्षीला हुत्या."

"कुटं इचारलंस?"

"फेरात!"

आक्कानं मान वर केली. "मग?"

एवढंच म्हणाली. तिनं दिलेली ओळ फेरातली होती, आणि तिनं दिलेला होकारही फेरातलाच होता. दोन्ही तिथंच मोडायचं होतं. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सांगलीला पडद्यामागं उभी असताना ती ओळ म्हणू की नको, असं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं आणि मी म्हटली होती, कारण तिच्यावाचून गाणं बसत नव्हतं.

साडी तिनं माझ्या पिशवीत परत घातली. घडी मोडली होती ती नीट करून घातली.

त्या दिवाळीला दीर गावी आले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

माझंही गाऱ्हाणं आहे आणि ते मी गिळलेलं नाही. ते गाणं मोबाईलवर सगळ्या गावानं फिरवलं. ज्या लेकींनी माझी ओळ पाडली त्यांनीच ते आपापल्या सासरी पाठवलं होतं. आत्याबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "माजी सून बघा." तेव्हा रीत कुणालाच आठवली नाही? टाळी वाजवायला सगळ्या, आणि फेराबाहेर व्हायला मी एकटी. हे मी आजही म्हणेन, कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पण असं मनात म्हणत झोपायला गेले की ओट्यावर खाली ठेवलेला तो कप दिसतो, आणि त्या कपापुढं माझं गाऱ्हाणं फार वेळ टिकत नाही.

मी ते गाणं म्हणायचं सोडलं. कार्यक्रमाला गेले की पहिली फर्माईश त्याचीच, आणि मी नाही म्हणते. लोकांना वाटतं भाव खाते. सांगलीच्या एका आयोजकानं तर माझ्याऐवजी दुसरी गाणारी आणली आणि तिनं तेच गाणं म्हटलं, माझं नाव घेऊन, मला नमस्कार करून. लग्नाच्या वरातीत वाजतं, रिक्षात वाजतं. पुण्याच्या लोकांना म्हटलं, काढून टाका, तर ते म्हणाले, आता कुठून कुठून काढणार ताई. विकलेली भाजी गिऱ्हाइकाच्या ताटात गेली की परत टोपलीत येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यंदाच्या पंचमीला जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेले. एकतारी नेली नाही. रोजच्या साडीवर गेले आणि कडेला उभी राहिले. आक्का फेरात नव्हती, पण आली होती. झोक्याचा दोर धरून चिंचेखाली उभी होती.

एका म्हातारीनं मला बघितलं. "आली गं, टीव्हीवरली आली. आता आमचं बी रेकॉर्डिंग करून न्हेतीस व्हय?"

"न्हाई, मावशी."

"मग मोबाईल कुटाय?"

मी मोबाईल काढून आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कमरेला ओच्यात खोवला आणि वरून हात ठेवून बसल्या. बाया हसल्या, पण जागा दिली. मी सुनांच्या बाजूला शिरले. फेर फिरला, लेकींची ओळ आली, आम्ही उचलली. आमच्या बाजूची पाळी आली आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी ओळ टाकली. माझ्याबद्दलची. नवऱ्यालाही न सांगितलेली, कुणी बाहेर नेली तर मला सांगलीत तोंड दाखवता येणार नाही अशी एक गोष्ट. चाल मोडकी होती, शब्द रस्त्यातच जुळवलेले.

पाय थांबले. मागच्या वर्षीसारखेच. तेवढ्यात आत्याबाईंच्या ओच्यात मोबाईल वाजायला लागला. "पोटात वाजाय लागलं गं बया!" त्या ओरडल्या, पण हात काढला नाही. कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यात मागून, चिंचेखालून, माझी ओळ कुणीतरी उचलली.

तो आवाज मला ओळखायला वळून बघावं लागलं नाही. पण आक्कानं ती होती तशी उचलली नव्हती. शेवट फिरवून, माझ्यावरच उलटवून उचलली. अंगाला झोंबेल अशी, आणि खरी. लेकींनी ती तिच्या तोंडून झेलली, पाय पुढं पडले, फेर सुरू झाला. मला राग आला. खूप राग आला. मी फेरात पाय टाकत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला तिला जाऊन दोन शब्द सुनवावेसे वाटत होते.

ती फेरात आली नाही. दोर धरून तिथंच उभी राहिली. फेर मोडल्यावर मी तिच्यापाशी गेले तर म्हणाली, "जा, तुजी यष्टी चुकंल." दीर या दिवाळीला येणार का, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

आत्याबाईंनी मोबाईल परत दिला. सांगलीच्या त्याच आयोजकाचा फोन येऊन गेला होता. स्टँडवर उभी राहून मी परत लावला.

"ताई, नवीन काही आहे का?" तो म्हणाला. "त्या फौजीच्या गाण्यासारखं एखादं? खरं, आतलं?"

होतं. जिभेवरच होतं. माझी ओळ आणि तिच्यावर आक्कानं चढवलेला शेवट, दोन्ही मिळून मी आजवर म्हटलेल्या सगळ्या गाण्यांपेक्षा चांगलं होतं ते. हे मला कळतं. खरा माल कोणता हे मला अंधारातही कळतं.

"न्हाई," मी म्हटलं. "काही नाही."

त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. त्यानं बिदागी वाढवून सांगितली. मी पुन्हा नाही म्हटलं, तशी आणखी वाढवली. एसटी आली तेव्हा तो अजून वाढवतच होता.